निवारा आणि घर

मनुष्याच्या मुख्य गरजा तीन, अन्न, वस्त्र व निवारा, असें आपण पहिल्या इयत्तेपासून पाठ करीत आलों आहों. पाठांतरांत ‘निवारा’ आणि ‘घर’ हे शब्द आपण एकाच अर्थानें वापरतों. परंतु ज्याचें घर एका रात्रींत गेलें व ज्यास पुढें दोन-तीन वर्षें तंबूंत किंवा पत्र्याच्या खोलींत काढावीं लागलीं, त्यास विचारलें तर तो या दोन शब्दांतील अंतर अचूक सांगेल. ऊन, पाऊस व वारा यांपासून अंग वांचवितो तो निवारा. आणि ज्यांत मनुष्य आपला सारा संसार मांडतो तें घर. हें अंतर आपल्या शेजारीं घडलेल्या एका मोठ्या आपत्तीच्या आधारें स्पष्ट करावें, असें आम्हीं या लेखांत योजिलें आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. तात्पुरत्या छपराखालीं राहणारा प्रत्येक मनुष्य घर गमावलेला असतोच असें नाहीं. सोलापुराच्या आसपास माळावर भटक्या जातींच्या लोकांचीं पालें पडलेलीं आपण पाहतों. तें पाल हेंच त्यांचें पिढ्यान्‌पिढ्यांचें घर. त्यांच्या हालअपेष्टा निराळ्या आहेत व त्यांचा विचार स्वतंत्रपणें झाला पाहिजे. दिवाळीच्या सुमारास ऊस तोडणारीं कुटुंबें बैलगाड्यांतून अगर ट्रॅक्टरांतून येतात आणि साखर कारखान्यांच्या भोंवतालीं पाचटाच्या व ताडपत्रीच्या कोपी घालून राहतात. त्यांचें घर दूर गांवीं कुलूप लावून ठेवलेलें असतें, आणि पट्टा पडला कीं तीं तिकडे परततात. तिसरा वर्ग मात्र असा आहे कीं ज्यास परत जाण्यास घरच उरलेलें नसतें. या लेखाचा विषय तो तिसरा वर्ग होय.

ती पहांट

सन १९९३ च्या सप्टेंबर महिन्याच्या २९ तारखेस अनंतचतुर्दशी होती. गांवोगांवच्या गणपतींचें विसर्जन करून लोक उशिरां निजले होते. दुसऱ्या दिवशीं, म्हणजे ३० तारखेच्या पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं, जमीन हादरली. भूकंपाचें केंद्र लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यांतील किल्लारी या गांवाजवळ, जमिनीखालीं थोड्याच खोलीवर होतें, आणि त्याची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान मोजली गेली. लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सुमारें ८,००० माणसें मृत्यु पावलीं व सुमारें १६,००० जखमी झालीं. सुमारें ३०,००० घरें अगदीं जमीनदोस्त झालीं. किल्लारी आपल्या शहरापासून शंभर किलोमीटरांच्या आंतबाहेर आहे. तो धक्का सोलापुरांतही जाणवला, आणि पुष्कळ जखमींस उपचारासाठीं येथील रुग्णालयांत आणण्यांत आलें.

सह्याद्रीच्या रांगेंत कोयनेजवळ ११ डिसेंबर १९६७ रोजीं मोठा भूकंप झाला होता, हें सर्वांस ठाऊक होतें. परंतु दख्खनचें पठार स्थिर आहे, तेथें असें कांहीं घडणार नाहीं, अशी सामान्य समजूत होती. १९९२ सालीं किल्लारीच्या परिसरांत लहान लहान धक्के बसले होते. तरी त्यांमागून एवढें मोठें संकट येत आहे असें कोणास सांगतां आलें नाहीं. भूकंपाचा दिवस व घटका आगाऊ सांगण्याची विद्या आजही मनुष्यास साधलेली नाहीं. घर कसें बांधावें, एवढेंच आपल्या हातीं आहे.

भिंती कां पडल्या

सोलापूर, धाराशिव व लातूर या भागांतील जुनें घर आपल्या परिचयाचें आहे. दीड-दोन हात रुंदीची दगडांची भिंत, लाकडी खांब व तुळया यांवर टेकलेलें माळवद, आणि माळवदावर हातभर जाडीचा मातीचा थर. पावसाळ्यापूर्वीं गळती बंद व्हावी म्हणून त्यावर नवी माती टाकण्याची चाल असल्यामुळें डोक्यावरील भार पिढीगणिक वाढतच जातो. घर किती मोठें, हें आपण ‘इतक्या खणांचें’ असें सांगतों. असें घर वैशाखांत थंड व माघांत उबदार राहतें. तेव्हां ज्यांनीं तें योजिलें ते अडाणी होते, असें कोणीं म्हणूं नये.

परंतु भिंतीची रचना पाहा. बाहेरच्या अंगास दगडांची एक ओळ, आंतल्या अंगास दुसरी, आणि दोहोंमध्यें खडे व चिखल यांची भर. या दोन्ही अंगांस एकत्र बांधणारा लांब आडवा दगड फारच थोड्या घरांत घातलेला होता. जमीन हलूं लागतांच मधली भर खालीं दबली, तिनें दोन्ही अंगांस बाहेर लोटलें, भिंत फुगून कोसळली, आणि माळवदाची सारी माती निजलेल्या माणसांवर आली. जेथें लाकडी सांगाडा बळकट होता, तेथें भिंती पडल्या तरी खांब उभे राहिलेले दिसले.

विशेष हें कीं, कुडाच्या भिंती व गवताचें हलकें छप्पर असलेल्या गरिबांच्या झोपड्यांत प्राणहानि तुलनेनें थोडी झाली. घर खडकावर बांधणाऱ्या शहाण्या मनुष्याचा प्रभूचा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. किल्लारीस दगडाचें घर पडलें व कुडाचें राहिलें म्हणून तो दृष्टांत खोटा ठरत नाहीं. उलट त्याचा अर्थ अधिक उघड होतो. तेथें दगडांची वाण नव्हती, बांधणीची होती. दगडांची रास आणि दगडांची भिंत यांमध्यें त्या आडव्या दगडाचाच काय तो फरक.

पांढरी गेली, काळी राहिली

आपल्या शेतकऱ्यांच्या भाषेंत गांवाचे दोन भाग असतात. काळी म्हणजे पिकाची जमीन व पांढरी म्हणजे वसतीची जागा. त्या पहांटे पांढरी गेली. काळी मात्र जागच्या जागीं राहिली. शेतांत खरिपाचीं पिकें उभीं होतीं, रब्बीच्या ज्वारीची पेरणी तोंडावर आली होती, वांचलेल्या जनावरांस चारापाणी हवें होतें. म्हणून घर गेलें तरी या लोकांस दूर कोठें निघून जाणें शक्य नव्हतें. आपल्याच पडलेल्या गांवाच्या कडेस, ज्या ढिगाऱ्याखालून आपलीं माणसें काढलीं त्या ढिगाऱ्याच्या डोळ्यांसमोर, त्यांस राहावें लागलें. ज्याचें पोट जमिनीस बांधलेलें आहे, त्याचा निवारा त्या जमिनीपासून लांब नेतां येत नाहीं, ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं लक्षांत ठेवावी.

पहिल्या रात्री उघड्यावरच गेल्या, आणि आपत्तीवर आपत्ति म्हणून पाऊसही आला. सैन्याचे जवान, सरकारी नोकर व अनेक संस्थांचे स्वयंसेवक मदतीस धांवले. तंबू व ताडपत्र्या आल्या. तंबूचा गुण असा कीं, तो तासाभरांत उभा राहतो आणि पडला तरी कोणास मारीत नाहीं. लहान धक्के पुढें कित्येक दिवस चालूच होते. ज्यांचें घर शाबूत होतें तेही आंत निजण्यास धजत नव्हते. अशा वेळीं कापडाचें छप्पर हेंच सर्वांत सुरक्षित. परंतु तंबूस दार नाहीं, कडी नाहीं, चुलीस आडोसा नाहीं, धान्य ठेवण्यास कणगी नाहीं. चार दिवस तो आधार देतो, चार महिन्यांनीं तोच जाच होतो.

त्यानंतर सरकारनें व सेवाभावी संस्थांनीं पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उभारल्या. लोक त्यांस ‘शेड’ म्हणूं लागले. हा निवाऱ्याचा दुसरा प्रकार. नवीं घरें होईपर्यंत थोडे दिवस राहावयाचें, अशी त्यांमागील कल्पना. प्रत्यक्षांत कित्येक कुटुंबांस तेथें दोन-तीन उन्हाळे काढावे लागले. येथें पदार्थविज्ञानांतील एक धडा आपोआप मिळतो. माळवदाची हातभर माती उष्णता सावकाश आंत घेते; दुपारचें ऊन आंत पोंचेपर्यंत सायंकाळ होते. पातळ पत्रा मात्र पाहतां पाहतां तापतो व खालच्या माणसांस भाजून काढतो. रात्रीं तो तितक्याच लवकर थंड पडतो. आपल्या भागांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, हें येथील मुलांस सांगावयास नको. अशा दिवसांत बाळंतीण व तिचें मूल, अंथरुणास खिळलेला म्हातारा, पाय मोडलेला तरुण यांची पत्र्याखालीं काय अवस्था होत असेल, याची कल्पना प्रत्येकानें करावी. सासू-सून, भावंडें, पाहुणा, सारीं एकाच खोलींत. स्त्रियांस स्नानासही आडोसा शोधावा लागे. पावसाच्या दिवसांत पत्र्यावर असा आवाज होई कीं मुलांचा अभ्यासच काय, शेजारीं बसलेल्याचें बोलणेंही ऐकूं येऊं नये.

आणि तरी त्याच पत्र्याखालीं विवाह झाले, मुलें जन्मलीं, परीक्षा दिल्या गेल्या. पुष्कळ मुलांचे आईबाप गेले होते. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेनें भूकंपग्रस्त भागांतील सुमारें १,२०० मुलांस पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची व राहण्याची सोय केली. मनुष्याचा जीव मोठा चिवट आहे. परंतु लोक सोसतात, एवढ्यावरून त्यांस सोसावयास लावणें योग्य ठरत नाहीं.

नवीं गांवें

सन १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्यानें महाराष्ट्र सरकारनें पुनर्वसनाचें मोठें कार्य हातीं घेतलें व तें १९९८ पर्यंत चाललें. सर्वांत अधिक हानि झालेलीं ५२ गांवें जुनी जागा सोडून नव्या जागीं वसविण्यांत आलीं. घराचा आकार कुटुंबाच्या जमिनीवरून ठरविला गेला: भूमिहीनांस व अल्पभूधारकांस २५० चौरस फूट, मधल्या वर्गास ४००, आणि मोठ्या शेतकऱ्यांस ७५०. लोकांच्या मनांत दगडाची इतकी धास्ती बसली होती कीं, बांधणी नीट केल्यास दगडाचें घरही टिकतें हें त्यांस पटेना. म्हणून बहुतेक घरें सिमेंट-काँक्रीटचीं झालीं.

हें कार्य लहान नव्हे, आणि त्यामुळें सहस्रावधि कुटुंबांस पक्कें छप्पर मिळालें, याबद्दल कृतज्ञताच बाळगली पाहिजे. परंतु अभ्यासकानें गुणांबरोबर उणिवाही पाहाव्या. जुन्या गांवांत घरें एकमेकांस खेटून, वांकड्या बोळांच्या कडेनें होतीं. भावकी एका आळींत, दारासमोर दार. नव्या गांवांत रुंद सरळ रस्ते आले, घरें शहरांतील वसाहतीप्रमाणें रांगेनें लागलीं, आणि गांव पूर्वीच्या कित्येक पट जागेंत पसरलें. ती जागा काळींतूनच घ्यावी लागली. कित्येकांचें शेत लांब पडलें. गोठा कोठें बांधावा, कडबा कोठें रचावा, औत-अवजारें कोठें ठेवावीं, याचें उत्तर त्या नकाशांत नव्हतें. मग लोकांनीं आपलें उत्तर आपणच शोधलें. कोणीं घरापुढें पत्र्याची पडवी काढली, कोणीं मागें कूड घातला, कोणीं जनावरांपाशीं शेतांतच मुक्काम केला. या कृतीस आडमुठेपणा म्हणणें सोपें आहे. आमच्या मतें, मिळालेल्या निवाऱ्याचें घर करण्याचीच ती खटपट होती.

याच कार्याचा दुसरा भाग विद्यार्थ्यांनीं अधिक लक्षपूर्वक अभ्यासावा, असें आम्हांस वाटतें. ज्या गांवांत घरें पडलीं नव्हतीं, केवळ तडकलीं होतीं, तेथें तीं होतीं तेथेंच दुरुस्त व बळकट करावयाचीं असें ठरलें. ही योजना तेरा जिल्ह्यांत पसरली होती व आपला सोलापूर जिल्हाही त्यांत होता. सुमारें दोन लक्ष घरांचा हा प्रश्न. येथें पैसा हप्त्याहप्त्यानें घरमालकाच्या हातीं दिला जाई, इंजिनियर सल्ला देई व काम मालक स्वतः करवून घेई. माळवदावरील जास्तीची माती उतरवावी. भिंतींत जागोजागीं आरपार आडवे दगड बसवावे. दारांच्या माथ्याशीं सर्व भिंतींस वेढणारा एक पट्टा घालावा, म्हणजे कमरेस पट्टा आवळल्याप्रमाणें घर एकजीव होतें. खांब व तुळई यांच्या सांध्यास तिरपा आधार द्यावा. उपाय असे साधे होते. ते गांवोगांव समजावून सांगण्यासाठीं ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मार्गदर्शनाखालीं गांवच्या स्त्रियांस ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यांत आलें. ज्या स्त्रियांस घराच्या बांधकामांत कोणी कधीं विचारलें नव्हतें, त्या आतां गवंड्याचें काम तपासूं लागल्या व कचेरींत जाऊन हप्त्याची चौकशी करूं लागल्या. पुढें २६ जानेवारी २००१ रोजीं गुजराथेंत कच्छमध्यें भूकंप झाला, तेव्हां लातूर-धाराशिव भागांतील अशा स्त्रिया तिकडे जाऊन तेथील स्त्रियांस आपला अनुभव सांगूं लागल्या. आठ वर्षांपूर्वीं ज्यांच्या अंगावर घरें पडलीं, त्यांनीं दुसऱ्यांस घर उभारण्याचा पाठ द्यावा, याहून मोठें पुनर्वसन कोणतें?

यांतून घ्यावयाचें तें काय

येथवर सांगितलेल्या हकीकतींतून तीन नियम निघतात. पहिला: तात्पुरता निवारा तात्पुरताच असावा. तंबूची मुदत दिवसांनीं मोजावी, पत्र्याची महिन्यांनीं. ती वर्षांनीं मोजावी लागली कीं मदतीचेंच संकट होतें. दुसरा: निवारा पोटाच्या जवळ असावा. शेतकऱ्यास शेताजवळ, विणकरास मागाजवळ, मजुरास मजुरीजवळ. तिसरा, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा: ज्यास राहावयाचें आहे त्यास विचारावें. निवारा दुसऱ्यास देतां येतो; घर मात्र राहणाऱ्याच्या हातावांचून होत नाहीं.

हे नियम केवळ सरकारासाठीं आहेत, असें समजूं नये. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यांत सीना नदीस मोठा पूर आला. करमाळा, माढा, मोहोळ या आपल्याच जिल्ह्यांतील तालुक्यांत नदीकांठच्या गांवांत पाणी शिरलें, आणि अनेक कुटुंबांस घर सोडून उंचावरील शाळांत व अन्य ठिकाणीं आश्रय घ्यावा लागला. ज्या वर्गांत सकाळीं पाढे म्हणावयाचे, त्याच वर्गांत रात्रीं कोणाचें अंथरूण पडतें, हें चित्र म्हणजे आतां लांबच्या वृत्तपत्रांतील गोष्ट राहिलेली नाहीं. अशा घरचें मूल पुढें आपल्या शेजारच्या बाकावर येऊन बसतें. त्याच्याजवळ वही नसेल, गणवेश नसेल, दप्तराच्या ऐवजीं पिशवी असेल. धडा विचारला असतां तें गप्प राहील, कारण दिवा मालवल्यावर एका खोलींत पांच माणसें निजलेलीं असतात व अभ्यासास जागा नसते. त्याच्या सहाध्यायांनीं काय करावें? जुने कपडे देणें सोपें आहे. त्याहून अवघड म्हणजे त्यास पूर्वींप्रमाणेंच खेळांत घेणें, त्याच्याशीं भांडणें, त्याची वही मागणें व आपली देणें. ज्याचें घर गेलें आहे, त्याची शाळा तरी जशीच्या तशी राहावी. पालकांसही आमची विनंति आहे कीं, असें मूल आपल्या मुलाबरोबर घरीं आलें तर त्यास पाहुण्याप्रमाणें नव्हे, घरच्याप्रमाणें ताट वाढावें. आणि शक्य असेल तर सायंकाळीं दोन तास दिव्याखालीं एक कोपरा द्यावा.

शास्त्रांत यहूदी लोकांच्या मांडवांच्या सणाची आज्ञा आहे. वर्षांतून सात दिवस घर सोडून डहाळ्यांच्या मांडवांत राहावें, असें लेवीयाच्या पुस्तकांत सांगितलें आहे. मिसर देशांतून निघालेल्या आपल्या पूर्वजांनीं रानांत कसे दिवस काढले, याचा पक्क्या घरांत राहणाऱ्या पुढील पिढ्यांस विसर पडूं नये, हा त्यांतील हेतु. ही आज्ञा आम्हांस फार शहाणपणाची वाटते. ज्यास आपले तंबूंतले दिवस आठवतात, तो दुसऱ्याच्या तंबूकडे तुच्छतेनें पाहत नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं अशी आठवण आहे. कोणाच्या पणजोबांनीं प्लेगाच्या सालीं गांव सोडून रानांत झोपडी घातली, कोणाचें गांव धरणाच्या पाण्याखालीं गेलें, कोणी दुष्काळांत मिळेल त्या आडोशास राहून सोलापुरास गिरणींत कामास आले. ती आठवण घरांतील वडील माणसांपाशीं आहे, व ती त्यांच्याबरोबर जाण्यापूर्वीं विचारून घेतली पाहिजे.

म्हणून या सुट्टींत विद्यार्थ्यांनीं दोन कामें करावीं. पहिलें, आपल्या किंवा आपल्या आजोळच्या घराची पाहणी करावी: भिंत कशाची, तिची रुंदी किती, माळवद असल्यास मातीचा थर किती जाड, दारांवर पट्टा आहे कीं नाहीं. जें आढळेल तें वडिलांस दाखवावें व जाणत्या गवंड्यास विचारावें. दुसरें, आपल्या कुटुंबास कधीं घर सोडावें लागलें होतें काय, तेव्हां कोठें राहिले, कोणीं जागा दिली व किती दिवस, हें आजीआजोबांस विचारून वहींत लिहून काढावें. जागा देणाऱ्याचें नांव बहुधा त्यांस अजून आठवत असेल. तें नांव वहींत अवश्य लिहावें.